नगर आणि प्रशासन : सुरतेचा अनुभव

सप्टेंबर १९९४ च्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहरातील रुग्णालयांत तीव्र ताप, छातीत वेदना आणि थुंकीवाटे रक्त अशी लक्षणे असलेले रुग्ण येऊ लागले. त्यांपैकी काहीजण एक-दोन दिवसांतच दगावले. हा फुप्फुसाचा प्लेग असावा अशी शंका डॉक्टरांना आली आणि ती वार्ता शहरभर पसरण्यास वेळ लागला नाही. पुढील काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत हिऱ्यांना पैलू पाडणारे सौराष्ट्रातील कारागीर होते, ओडिशातून आलेले यंत्रमाग कामगार होते आणि भुसावळच्या लोहमार्गाने खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबेही होती. अनेक खाजगी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिका मात्र आपल्या जागी राहिल्या.

त्याच्या थोडे आधी, ऑगस्टच्या अखेरीस, महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात मामला या गावी गाठीचा प्लेग, म्हणजे जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत ग्रंथिक सन्निपात, आढळून आला होता. सुरतेतील रोग प्लेगच होता की नाही, याविषयी प्रारंभी तज्ज्ञांत मतभेद झाले. पुढे नमुन्यांच्या सूक्ष्म तपासणीत प्लेगचेच जंतू सापडले. टेट्रासायक्लीनसारखी औषधे उपलब्ध असल्यामुळे साथ लवकर आटोक्यात आली आणि मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. परंतु तेवढ्या अवधीत अनेक देशांनी भारताकडे येणारी विमाने थांबविली, भारतीय मालावर निर्बंध घातले आणि सुरत हे नाव जगभर घाणीचा समानार्थी शब्द बनले.

१९९६ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षांनी, इंटॅक या वारसा-संवर्धक संस्थेच्या पाहणीत याच सुरतेची गणना चंडीगढच्या खालोखाल देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून झाली. या दोन वर्षांत शहरासाठी नवा कायदा झाला नव्हता. एखादे अपूर्व यंत्र शोधून काढले गेले नव्हते. महानगरपालिकेचे कर्मचारीही बहुतांशी पूर्वीचेच होते. मग बदलले ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना नगरप्रशासन या रुक्ष वाटणाऱ्या विषयाचे खरे महत्त्व ध्यानात येते. जे शहर आपल्या रहिवाशांचे आरोग्य राखते, आपले पाणी, आपली जमीन व आपली नदी पुढील पिढीसाठी शिल्लक ठेवते आणि संकटातून पुन्हा उभे राहते, त्याला आज शाश्वत शहर असे म्हटले जाते. असे शहर उभारण्यात स्थपती व अभियंते यांचा वाटा सहज दिसतो. प्रशासनाचा वाटा तसा दिसत नाही. तो बहुधा बिघडल्यावरच जाणवतो.

प्लेग आणि नगरपालिका : एक जुने नाते

भारतातील नगरप्रशासनाच्या इतिहासात प्लेगला विशेष स्थान आहे. १८९६ मध्ये मुंबई बंदरात प्लेग प्रकटला आणि तेथून तो देशभर पसरला. लगेच १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. या कायद्याच्या बळावर घरोघरी झडत्या झाल्या, माणसांना सक्तीने वेगळे ठेवले गेले. पुण्यात त्यातून केवढा क्षोभ उसळला, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. १८९८ मध्ये मुंबईत नगर सुधारणेसाठी एक स्वतंत्र विश्वस्त मंडळ स्थापण्यात आले. या मंडळाने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्यासारख्या मोकळ्या हवेच्या वसाहती आखल्या. मात्र ज्यांची खुराडी पाडली, त्या कष्टकऱ्यांपैकी अनेकांना नव्या वसाहतींत जागा परवडण्यासारखी नव्हती. ते जवळच्या दुसऱ्या दाट वस्तीत शिरले आणि तेथील दाटी वाढली.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. साथ ओसरली की सक्तीचे बळही ओसरते आणि मागे काही टिकून राहत नाही. दुसरे असे की केवळ बांधकामाने शहर निरोगी होत नाही. रुंद रस्ता झाडावा लागतो, नवे गटार उपसावे लागते, नव्या घराला पाणी रोज पोचवावे लागते. हे रोजचे काम कोण करतो, त्याच्यावर देखरेख कोणाची असते आणि चूक झाल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे ठरविणे म्हणजेच प्रशासन होय.

रोगापूर्वीचे शहर

मराठ्यांच्या इतिहासात सुरतेचे नाव येते ते मुघल साम्राज्याचे संपन्न बंदर म्हणून. बंदराचे वैभव पुढे मुंबईकडे गेले, तरी जर, रेशीम आणि कापड यांच्या धंद्यांनी शहर तगून राहिले. तेथे १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १९६६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. याच सुमारास कृत्रिम धाग्याचे कापड आणि हिरे यांच्या व्यवसायांनी शहराला नवी गती दिली. १९८१ मध्ये शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. १९९१ मध्ये ती सुमारे १५ लाख झाली. दहा वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट झाले, परंतु नळ, गटारे व सफाई यांची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. लोकसंख्येचा फार मोठा भाग झोपडवस्त्यांत राहत होता.

पैशाची चणचण हे याचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. जकात ही त्या वेळी महानगरपालिकेच्या उत्पन्नाची मोठी बाब होती, आणि व्यापाराच्या शहरात जकातीला तोटा नव्हता. अधिकारांचाही अभाव नव्हता. सुरतेचा कारभार ज्या कायद्याने चालत असे, तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होय. द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर हाच कायदा महाराष्ट्रात व गुजरातेत चालू राहिला. पुणे आणि सुरत या दोन्ही शहरांचा कारभार त्यानेच चाले. (पुढे दोन्ही राज्यांत त्याचे नाव बदलण्यात आले.) रस्ते झाडणे, केरकचरा हलविणे, गटारे बांधणे व साफ ठेवणे, साथींना आळा घालणे ही या कायद्यात महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. अनधिकृत बांधकाम हटविण्याचा आणि घाण करणाऱ्यास दंड करण्याचा अधिकारही त्यात आहे. कायद्याच्या पुस्तकात जे होते, ते रस्त्यावर नव्हते.

याचे एक प्रमुख कारण म्हणजे कामाची वाटणी. बहुतेक नगरसंस्थांप्रमाणे येथेही काम खात्यांत विभागलेले होते. एखाद्या गल्लीत पाणी तुंबले तर मलनिःसारण खाते त्यातील कचऱ्याकडे बोट दाखवी. कचरा आरोग्य खात्याचा विषय. गटारावर कोणी ओटा बांधला असेल तर तो नगररचना खात्याचा. प्रत्येक खात्याचा प्रमुख मुख्य कचेरीत बसे. गल्लीत राहणाऱ्या माणसाला आपल्या साऱ्या अडचणी एकाच जागी भोगाव्या लागत, पण त्या सोडविणारा एक माणूस त्याला सापडत नसे. कनिष्ठ अधिकाऱ्याकडे जबाबदारी होती, परंतु खर्च मंजूर करण्याचा अधिकार नव्हता. वरिष्ठाकडे अधिकार होता, परंतु ती गल्ली त्याच्या नजरेसमोर नव्हती. दररोज निर्माण होणाऱ्या कचऱ्यापैकी निम्म्याच्या आसपासच उचलला जाई. बाकीचा जेथे पडे तेथेच कुजे. १९९४ च्या पावसाळ्यात तापीला पूर आला, सखल भागांत पाणी साचले आणि चिखल, कचरा व मेलेली जनावरे यांनी वस्त्या भरून गेल्या. रोग आला तो त्यानंतर.

अधिकारांची फेरमांडणी

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी सुरतेचे महानगरपालिका आयुक्त म्हणून रुजू झाले. त्यांच्या कारकिर्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लेखनात एका धडाडीच्या पुरुषाची कथा सांगितलेली आढळते. धडाडी होतीच, परंतु त्यांनी केलेल्या मांडणीतील बदल अधिक अभ्यसनीय आहे.

शहर सहा विभागांत वाटले गेले. प्रत्येक विभागावर एक वरिष्ठ अधिकारी नेमण्यात आला आणि आयुक्ताकडे एकवटलेले पुष्कळसे प्रशासकीय व आर्थिक अधिकार त्याच्याकडे सोपविण्यात आले. त्या विभागातील सफाई, पाणी, गटारे, दिवे, अतिक्रमणे या सर्वांसाठी आता एकच व्यक्ती उत्तरदायी होती. खाती नाहीशी झाली नाहीत, पण जागेवर त्यांची एकत्र गाठ पडू लागली. किरकोळ दुरुस्तीच्या मंजुरीसाठी कागद मुख्य कचेरीत जाऊन परत येण्याची गरज उरली नाही.

दुसरा बदल वेळेचा होता. अधिकाऱ्यांनी सकाळी सातपासून दुपारपर्यंत रस्त्यावर, वस्त्यांत, नाल्यांच्या काठी हिंडावे आणि दुपारनंतर आयुक्तांच्या बैठकीत पाहिलेल्या गोष्टी मांडाव्यात, असा नेम घालून देण्यात आला. वातानुकूलित खोली सोडून रोजच्या कामावर या, असा या आदेशाचा मथितार्थ होता. रोजच्या बैठकीचा परिणाम असा झाला की सकाळी दिसलेली अडचण संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी नावावर चढू लागली. पूर्वी अहवाल वर पाठविला की कनिष्ठाचे काम संपत असे. आता दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उभे राहावे लागणार होते.

तिसरा बदल प्रत्यक्ष सफाईच्या पद्धतीत झाला. दिवसा गर्दी असलेल्या मुख्य रस्त्यांची झाडलोट रात्री होऊ लागली. काही कामे ठेकेदारांकडे देण्यात आली, परंतु देखरेख महानगरपालिकेने आपल्याकडे ठेवली. उपाहारगृहे व खाद्यपदार्थांच्या गाड्या यांची तपासणी सुरू झाली. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांकडून दंड वसूल होऊ लागला. नागरिकांच्या तक्रारींची नोंद ठेवून त्या ठराविक मुदतीत निकालात काढण्याची रीत पडली. काही काळातच दररोजच्या कचऱ्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कचरा उचलला जाऊ लागला.

अनधिकृत बांधकामे पाडण्याची मोहीम सर्वांत अधिक गाजली. तिचा आरंभ दुर्बलांच्या झोपड्यांपासून न होता वजनदार व्यक्तींच्या बांधकामांपासून झाला, याला मोठे महत्त्व होते. नियम सर्वांना सारखा आहे अशी खात्री पटल्यावाचून सामान्य माणूस तो मनापासून पाळत नाही. तरीही रस्ते रुंद होताना ज्यांची दुकाने व घरे गेली, त्यांच्या दृष्टीने ही मोहीम कठोरच होती. आयुक्ताच्या हाती एवढे अधिकार असावेत काय, लोकनियुक्त सदस्यांनी अशा वेळी कोणती भूमिका घ्यावी, हे प्रश्न तेव्हाही विचारले गेले आणि आजही ते गैरलागू झालेले नाहीत.

रोगाची रोजची नोंद

स्वच्छता डोळ्यांना दिसते. आरोग्य दिसत नाही, ते मोजावे लागते. १९९४ च्या साथीत प्रशासनाजवळ सर्वांत मोठी उणीव होती ती माहितीची. शहरात कोणत्या भागात किती लोक तापाने आजारी आहेत, हे महानगरपालिकेला ठाऊक नव्हते, कारण बहुतेक रुग्ण खाजगी दवाखान्यांत जात आणि त्यांची नोंद तेथेच राही. पुढील काळात खाजगी व सरकारी रुग्णालयांकडून हिवताप, अतिसार, कावीळ अशा रोगांच्या रुग्णांची माहिती नियमितपणे गोळा करण्याची व्यवस्था बसविण्यात आली. एखाद्या मोहल्ल्यात अतिसाराचे रुग्ण एकाएकी वाढले की तेथील नळाचे पाणी तपासावयाचे, गटाराचे पाणी त्यात कोठे मिसळते ते शोधावयाचे आणि साथ होण्यापूर्वीच जलवाहिनी दुरुस्त करावयाची, असा क्रम ठरला. यात वैद्यकशास्त्र थोडे आणि हिशेबनिशी अधिक आहे. पण साथीला प्रारंभीच अटकाव होतो तो अशा हिशेबानेच.

झोपडवस्त्यांतही काही पायाभूत कामे झाली: गल्ल्यांना फरसबंदी, सांडपाण्याला वाट, सार्वजनिक शौचालये, नळाचे पाणी. यात दयाबुद्धीचा भाग थोडाच होता. दाट वस्तीतील रोग तेथेच थांबत नाही, हे संपन्न वस्त्यांतील लोकांनी नुकतेच अनुभवले होते.

बदल टिकला कसा?

भारतातील प्रशासनाविषयी नेहमी एक आक्षेप घेतला जातो. चांगला अधिकारी येतो, दोन-तीन वर्षे काम करतो, त्याची बदली होते आणि सारे पूर्ववत होते. सुरतेतही आयुक्तांची बदली झाली. मात्र शहर पूर्ववत झाले नाही.

याची कारणे तीन दिसतात. विभागीय रचना ही व्यक्तीवर अवलंबून नव्हती. ती कार्यालयाची रीत झाली होती आणि नंतरच्या आयुक्तांना ती मोडण्यापेक्षा चालविणे सोयीचे होते. शिवाय नागरिकांची अपेक्षा बदलली होती. ज्या गल्लीतून रोज सकाळी कचरा जाऊ लागला, तेथे तो दोन दिवस पडून राहिला तर आता बोभाटा होऊ लागला. शहरातील व्यापाऱ्यांच्याही ध्यानी आले की घाणीचा खर्च आपल्यालाच भरावा लागतो. प्लेगच्या दिवसांत बंद पडलेले कारखाने ते विसरले नव्हते. उत्पन्नाचा पाया भक्कम असणे हेही महत्त्वाचे होते. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातमधील महानगरपालिकांची जकात रद्द झाली, तेव्हा मालमत्ता कर व पाणीपट्टी यांची वसुली नीट असणे किती आवश्यक आहे, ते स्पष्ट झाले. जी नगरसंस्था स्वतःचे उत्पन्न मिळवू शकत नाही, तिला स्वतःचे निर्णयही घेता येत नाहीत.

शहराची हद्द आणि नदीची हद्द

ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेवर दुसरे संकट आले. तापी ही मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी, सुमारे ७२४ किलोमीटर वाहणारी नदी. तिच्या पाणलोट क्षेत्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात, मुख्यतः खानदेश व विदर्भ यांत येतो. सुरतेच्या वर सुमारे १०० किलोमीटरवर उकाई येथे १९७२ मध्ये पूर्ण झालेले मोठे धरण आहे. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण अशी तिन्ही कामे ते करते, आणि या तीन कामांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत. सिंचनासाठी व विजेसाठी जलाशय पावसाळ्यात लवकर भरलेला बरा. पूर अडविण्यासाठी तो रिकामा असलेला बरा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणलोटात मुसळधार पाऊस झाला आणि जलाशयात पाणी वेगाने येऊ लागले. धरणाच्या सुरक्षिततेसाठी दरवाजे उघडावे लागले. सोडलेले पाणी कमाल पातळीला सेकंदाला सुमारे ९ लाख घनफूट इतके होते. गाळ साचून व काठावर बांधकामे होऊन अरुंद झालेले शहरातील नदीपात्र त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी पाणी सुरक्षितपणे वाहून नेऊ शकत होते. शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला.

पाणी ओसरल्यावर शहर लवकर साफ झाले. १९९४ प्रमाणे साथीचा उद्रेक झाला नाही, यात बारा वर्षांच्या शिस्तीचे फळ दिसून आले. परंतु पूर टाळता आला नाही. जलाशयात कोणत्या तारखेला किती पाणी ठेवावे, दरवाजे आधीच हळूहळू का उघडले नाहीत, यावर पुढे मोठा वाद झाला. महानगरपालिकेच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचे, पावसाचा अंदाज केंद्राच्या हवामान खात्याचा, पाऊस पडला तो बव्हंशी शेजारच्या राज्यात. नगरप्रशासन आपल्या हद्दीत कितीही कार्यक्षम असले, तरी नदी त्या हद्दीच्या कितीतरी वरून वाहत येते.

येथे पुन्हा १९९५ चाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. पूर्वी महानगरपालिकेची खाती एकमेकांशी बोलत नव्हती. आता वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांनी एकमेकांशी बोलण्याची गरज होती. २००८ नंतर सुरत आशियातील काही शहरांच्या हवामानबदलविषयक कार्यक्रमात सहभागी झाली. २०१२ मध्ये या कामासाठी एक न्यास स्थापन झाला आणि त्यात महानगरपालिका, पाटबंधारे खाते, तंत्रशिक्षण संस्था व व्यापारी मंडळ यांचे प्रतिनिधी एकत्र आले. पाणलोटातील पावसावरून जलाशयात किती पाणी येईल, त्यावरून किती सोडावे लागेल आणि त्यावरून शहरातील कोणत्या वस्तीत किती पाणी चढेल, याचा अंदाज काही दिवस आधी बांधणारी यंत्रणा उभारण्यात आली. पूर्वी सूचना मिळाल्यावर जेमतेम दिवस-दीड दिवस हाती असे. वृद्ध, आजारी माणसे व लहान मुले यांना हलविण्यासाठी, दुकानातील माल वरच्या मजल्यावर नेण्यासाठी आणखी दोन दिवस मिळणे म्हणजे केवढा फरक, हे पूर पाहिलेल्या कोणालाही समजेल.

सांडपाण्याचे मोल

शाश्वत शहराची आणखी एक कसोटी आहे. शहर जे घेते, त्यातील किती परत करते? सुरतेतील कापड रंगविण्याच्या व धुण्याच्या कारखान्यांना प्रचंड पाणी लागते, आणि पिण्याच्या पाण्यावर त्यांचाही भार पडतो. दुसरीकडे शहरातून रोज मोठ्या प्रमाणावर सांडपाणी बाहेर पडते. या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न महानगरपालिकेने केला. २०१४ मध्ये बमरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले. तेथे शुद्ध केलेले, दिवसाला ४ कोटी लिटर क्षमतेचे पाणी पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना विकत देण्यात येऊ लागले. तितके नदीचे पाणी वाचले आणि जे पूर्वी केवळ खर्चाचे काम होते, त्यातून उत्पन्न मिळू लागले. त्याआधी २००३ मध्ये आंजणा येथील केंद्रात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर वीज निर्माण करण्यास प्रारंभ झाला होता.

यात वापरलेले तंत्र अन्यत्रही उपलब्ध होते. अवघड भाग होता तो व्यवहाराचा: कारखानदारांना पुरवठ्याची हमी देणे, दर ठरविणे, करार करणे आणि पाण्याचा दर्जा रोज राखणे. ज्या कार्यालयाला कचऱ्याची गाडी वेळेवर पाठविण्याची सवय लागलेली नाही, त्याला हा व्यवहार झेपला नसता.

अपुरे राहिलेले

सुरतेचा अनुभव म्हणजे निर्दोष यशाची कथा नव्हे. २००६ मध्ये शहराची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४४ लाखांच्या वर गेली. नव्याने आलेल्या गावांना मूळ शहराच्या बरोबरीस आणण्याचे काम पुन्हा आरंभापासून करावे लागले. पूररेषेतील झोपड्यांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना शहराच्या कडेला कोसाडसारख्या ठिकाणी पक्की घरे मिळाली. पुरापासून त्यांची सुटका झाली, पण यंत्रमाग, बाजार, धुण्याभांड्यांची कामे दूर राहिली. १८९८ नंतरच्या मुंबईत जो पेच होता, तोच येथे वेगळ्या रूपात आढळतो. घर आणि रोजगार यांतील अंतर हा नगररचनेइतकाच प्रशासनाचाही प्रश्न आहे, आणि तो केवळ घरे मोजून सुटत नाही.

अधिकाराचा प्रश्नही शिल्लक आहे. संविधानाची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून, म्हणजे सुरतेतील प्लेगच्या सव्वा वर्ष आधी, अंमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे सोपविण्याजोगे १८ विषय सांगितले आहेत. त्यांत सार्वजनिक आरोग्य व मलनिःसारण यांच्याबरोबर पर्यावरणाचे रक्षणही आहे. परंतु हे विषय प्रत्यक्ष किती सोपवावयाचे, हे राज्यांवर अवलंबून राहिले. परिणामी कित्येक शहरांत आजही पाणी एका मंडळाकडे, जमीन दुसऱ्या प्राधिकरणाकडे व वाहतूक तिसऱ्याकडे असते. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्याला मतदार जाब विचारतात, आणि तो ज्याला जाब विचारू शकेल असा अधिकारी त्याला सापडत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरत व इंदूर यांना देशात संयुक्तपणे पहिला क्रमांक मिळाला. क्रमांक वर्षागणिक बदलत असतात. त्याहून अधिक लक्षणीय बाब ही की १९९५ मध्ये बसविलेली घडी तीस वर्षांच्या जवळपास टिकली, आणि या काळात आयुक्त अनेकदा बदलले, सदस्य बदलले, शहराचा आकार तिपटीपर्यंत गेला. विभागीय अधिकाऱ्याने सकाळी आपल्या भागात जावे, पाहिलेले नोंदवावे, आपल्या अधिकारात असेल ते त्याच दिवशी करावे आणि नसेल त्याची मागणी करावी, एवढाच त्या घडीचा गाभा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेच्या स्थानकावर गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना याहून अधिक काही नको होते. त्यांपैकी बहुसंख्य लोक काही आठवड्यांत परत आले, कारण त्यांची पोटे याच शहरावर अवलंबून होती. परत आलेल्या माणसाला पुन्हा पळून जावे लागू नये, ही नगरप्रशासनाची पहिली आणि कायमची जबाबदारी होय.